कोकणातल्या घरात गुंतागुंतीचा पेशंट सांभाळताना

पेशंट घरी आला म्हणजे बरा झाला, असं नातेवाइकांना वाटतं. गळ्यात ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी गळ्याला पाडलेल्या भोकातली ट्यूब), नाकात रायल्स ट्यूब (पोटात जेवण सोडायची नळी), लघवीला फोलीज कॅथेटर आणि माकडहाडावर जखम असलेला माणूस घरी येतो त्याचं कारण वेगळं असतं. हॉस्पिटलात करण्यासारखं संपलेलं असतं आणि जे उरलंय ते घरीही करता येण्यासारखं असतं. फरक इतकाच, की तिथे तुमच्या पाठीशी सेंट्रल ऑक्सिजन, जनरेटर आणि हाकेच्या अंतरावर डॉक्टर असतात. इथे एक इन्व्हर्टर, एक वही आणि दमलेली घरची माणसं. त्यामुळे कोकणात होम केअरचं निम्मं काम बिघाड होण्याआधीच करून ठेवावं लागतं. पुढचं सगळं रजिस्टर्ड नर्ससाठी आहे. मदतीला ठेवलेल्या मावशी असतीलच, पण गळ्याची ट्यूब आणि औषधं त्यांच्यावर सोडायची नाहीत.

पेशंटला हात लावण्याआधी

डिस्चार्ज कार्ड हातात घ्या आणि त्यात काय नाही ते शोधा. रोगाचं नाव ठळक असतं. तुम्हाला लागतं ते बहुतेक वेळा नसतंच. ट्रॅकिओस्टॉमी ट्यूबचा नंबर, तिला कफ (ट्यूबभोवतीचा हवेचा फुगा) आहे की नाही, शेवटची कधी बदलली. फोलीजचा नंबर, फुग्यात किती मिली पाणी, कधी घातला. रायल्स नाकपुडीशी किती सेंटिमीटरवर आहे. पेशंटचं नेहमीचं बीपी आणि सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) किती. औषधं मिलीग्रॅममध्ये लिहिलेली हवीत. ‘अर्धी गोळी’ या शब्दाला काही अर्थ नाही, कारण दुकानदार पुढच्या वेळी दुप्पट पॉवरची गोळी देऊ शकतो. यातलं राहिलेलं वॉर्डला फोन करून त्याच दिवशी विचारून घ्या. चार दिवसांनी वॉर्डमध्ये त्या पेशंटचं नाव कोणाला आठवत नाही.

ऑर्डर लेखी हवी. रात्री डॉक्टरांनी फोनवर सांगितलं तर ऐकलेलं परत वाचून दाखवा आणि मेसेज करून घ्या. कधीच न दिलेल्या अँटिबायोटिकचा पहिला इंजेक्शनचा डोस घरी द्यायचा नाही. रिअॅक्शन आली तर गाडी वाडीत पोहोचेपर्यंत काय करणार, याचं उत्तर कोणाकडेच नसतं.

मग घर बघा. पेशंटला बहुतेक घरांत एकतर आतल्या काळोख्या खोलीत टाकतात नाहीतर वारा लागावा म्हणून पडवीत. दोन्ही चूक. दिवसाचा उजेड येईल, अर्थिंगचा प्लग जवळ असेल, देवघर आणि चूल दूर असेल आणि दारातून माणसासकट खुर्ची बाहेर निघेल अशी खोली निवडा. दार आणि खुर्ची दोन्ही टेपने मोजा. खाट बुटकी असेल तर चारही पायांखाली सपाट चिरे किंवा लाकडी ठोकळे घालून तुमच्या कंबरेपर्यंत आणा, नाहीतर महिन्याभरात पाठ तुमची जाईल. खाट भिंतीला चिकटवू नका. डोक्याकडून आणि दोन्ही बाजूंनी जाता आलं पाहिजे.

शेवटी रस्ता. बिछान्यापासून गाडी उभी राहते तिथपर्यंत स्वतः चालून जा आणि घड्याळ लावा. पाखाडी उतरून खाली घर असेल तर पावसात शेवाळलेल्या पायऱ्यांवरून माणूस वर न्यायला चार जण लागतात आणि कोरड्या दिवसाच्या दुप्पट वेळ. ते चार जण कोण, त्यांची नावं आणि नंबर भिंतीवर लावा. मुंबईच्या चाकरमान्यांची नावं यात धरू नका. ते गणपतीत असतात, ऑगस्टच्या मध्यरात्री नाही. १०८ ला पत्ता सांगताना गाव आणि वाडीचं नाव पुरत नाही. फाटा कुठला, देऊळ कुठल्या हाताला, शाळेच्या पुढे किती, हे चार ओळींत लिहून फोनजवळ चिकटवा, म्हणजे घाबरलेली काकीसुद्धा वाचून सांगेल. रेंज अंगणातल्या एकाच कोपऱ्यात येत असेल तर तेही तिथेच लिहा. घाटावर, म्हणजे कोल्हापूर-कऱ्हाडकडे न्यायचं ठरलेलं असेल तर पावसाळ्यात दरड आली की घाट बंद पडतो. दुसरं हॉस्पिटल आधीच ठरवून ठेवलेलं बरं.

लाईट जाणार, हे धरूनच चाला

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकलं, त्यानंतर रायगड-रत्नागिरीतली कित्येक गावं दिवसेंदिवस काळोखात होती. पण वादळ लागतच नाही. माडाची एक झावळ तारेवर पडली तरी रात्र जाते.

पाच लिटरचं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून देणारं मशीन, साधारण ३५० वॅट खातं. घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-अवर. प्रत्यक्षात १२०० च्या आसपास वापरता येतात. म्हणजे सव्वातीन तास, तेही बॅटरी नवी असेल आणि टीव्ही-फ्रिज त्यावर नसेल तर. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचाच हवा. स्वस्तातल्यावर कॉन्सन्ट्रेटरचा कॉम्प्रेसर तापतो आणि घरघरतो. व्होल्टेज वरखाली होणाऱ्या गावात स्टॅबिलायझर लावा. आणि घरच्यांना आधीच सांगा: मशीन दिवसरात्र चाललं तर महिन्याला अडीचशे युनिट वाढतात. बिल बघून कोणी रात्री मशीन बंद करायला नको.

इन्व्हर्टर संपला की सिलिंडर. १० लिटर पाणी मावेल असा, ज्याला सगळे बी टाइप म्हणतात, तो पूर्ण भरलेला १५० किलो दाबावर असतो. हिशेब सोपा: काट्यावरचा दाब गुणिले १०, म्हणजे १५०० लिटर. मिनिटाला २ लिटर चालू असेल तर ७५० मिनिटं, साडेबारा तास. काटा १०० वर असेल तर सव्वाआठ तास. शेवटचे २० किलो हिशेबात धरू नका. वहीत रोज सकाळी काट्याचा आकडा लिहा. न वापरलेला सिलिंडरही गळतो. रेग्युलेटरची चावी सिलिंडरला दोरीने बांधून ठेवा.

ऑक्सिजन आणि तेल एकत्र येता कामा नये. खोबरेल लावलेल्या हातांनी रेग्युलेटर फिरवणं हा इथला सर्रास प्रकार आहे. हात साबणाने धुऊन कोरडे करूनच व्हॉल्व्हला हात लावा, आणि नाक कोरडं पडलं म्हणून व्हॅसलिन नको, पाण्यावर आधारित जेल वापरा. समई, निरांजन, कापूर, अगरबत्ती, मच्छर अगरबत्ती पेशंटपासून किमान दहा फूट. गणपतीत आरतीचं ताट पेशंटसमोर आणायचा आग्रह होतो. भांडू नका, आरती होईपर्यंत पेशंटचा मास्क आणि ताट यांच्यामध्ये तुम्ही उभ्या राहा आणि ताट दारातूनच परत पाठवा.

सीओपीडीचा (फुप्फुसाच्या जुनाट आजाराचा) पेशंट असेल तर सॅच्युरेशन ८८ ते ९२ मध्येच ठेवायचं. ९८ दिसलं की घरच्यांना आनंद होतो, पण जादा ऑक्सिजनने त्याच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि तो गुंगीत जातो. गाढ झोप लागली म्हणून सगळे खुश, आणि तो हळूहळू बेशुद्ध पडत असतो.

सक्शनला, म्हणजे ट्यूबमधला कफ ओढून काढायला, विजेशिवाय चालणारा पर्याय हवाच. पायाने दाबायचं सक्शन मशीन मिळतं. तेही नसेल तर ५० मिलीची सिरिंज आणि सक्शन कॅथेटर. ओढून बघितल्याशिवाय ते चालेल असं धरू नका.

गळ्यातली ट्यूब

पहिला प्रश्न: ही ट्रॅकिओस्टॉमी आहे की लॅरिंजेक्टॉमी? तंबाखू-मिश्रीमुळे घशाचा कॅन्सर झालेल्या पेशंटचं स्वरयंत्र काढलेलं असेल तर त्याचं नाक-तोंड फुप्फुसाला जोडलेलंच नसतं. त्याला मास्कने नाकावर ऑक्सिजन देणं म्हणजे उशीला ऑक्सिजन देणं. बिछान्याच्या वर मोठ्या अक्षरांत लिहा: ‘फक्त गळ्यातून श्वास’. १०८ मधल्या डॉक्टरांनाही ते वाचता आलं पाहिजे.

दुसरं, ट्यूब प्लॅस्टिकची की धातूची? धातूच्या ट्यूबला अँबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) जोडता येत नाही, तोंडच तसं नसतं. अशा घरी त्याच मापाची प्लॅस्टिकची ट्यूब तयार ठेवावी लागते. बिछान्याला टांगलेल्या पिशवीत कायम असावं: त्याच नंबरची एक ट्यूब, एक नंबर लहान एक ट्यूब, ती आत घालायला लागणारी दांडी, फीत, कात्री, जेल, १० मिली सिरिंज, अँबू बॅग, टॉर्च. ही पिशवी कपाटात ठेवली की तिचा उपयोग संपला.

सक्शन घड्याळ लावून करू नका, गरजेला करा: खरखर ऐकू येते, छातीवर हात ठेवला की थरथर लागते, सॅच्युरेशन उतरतं, पेशंट अस्वस्थ होतो. कॅथेटरचा नंबर काढायचा असा: ट्यूबच्या नंबरातून २ वजा करा आणि दुप्पट करा. ८ ची ट्यूब, १२ चा कॅथेटर. ७ ची ट्यूब, १० चा. जाड कॅथेटर जास्त ओढतो खरा, पण कफाबरोबर फुप्फुसातली हवाही ओढून घेतो.

सक्शनचा दाब ८० ते १२० मिमी (पाऱ्याचा). नळीचं टोक चिमटीत पूर्ण बंद करूनच काटा वाचायचा, उघड्या नळीवरचा आकडा खोटा असतो. घरगुती मशीन मोकळं सोडलं तर त्याच्या कितीतरी पट ओढतं, आणि मग कफात रक्ताचे धागे दिसायला लागतात.

हात धुवा, ग्लोव्हज घाला. ऑक्सिजनवर असेल तर अर्धा-एक मिनिट वाढवा. कॅथेटर आत घालताना अंगठा त्याच्या बाजूच्या भोकावर ठेवायचा नाही. ट्यूबच्या लांबीपेक्षा अर्धा ते एक सेंटिमीटर पुढे, बस. ही लांबी सुट्या ट्यूबवर आधीच मोजून कॅथेटरवर अंगठ्याच्या जागी लक्षात ठेवा. मग अंगठा ठेवा आणि गोल फिरवत बाहेर काढा. आत जाऊन बाहेर येईपर्यंत १० ते १५ सेकंद. सोपी खूण म्हणजे कॅथेटर आत जाताना स्वतःचा श्वास रोखा. तुम्हाला श्वास घ्यावासा वाटला की पेशंटलाही हवा आहे. पुन्हा करायचं तर सॅच्युरेशन आधीच्या आकड्यावर आल्यावर. दर वेळी आधी सलाईन ओतायची जुनी सवय सोडा. कफ पातळ होतो तो पुरेशा पाण्याने आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या नेब्युलायझरने. ओतलेलं सलाईन बरंचसं खाली फुप्फुसात जातं.

कोकणात हवा इतकी दमट, मग ओलावा कशाला, असं वाटतं. पण कॉन्सन्ट्रेटरची हवा कोरडी असते आणि नाक बाजूला पडलेलं असतं. कफ चिकट, पिवळट, दोरीसारखा यायला लागला की ट्यूब बुजायच्या वाटेवर आहे असं समजा. ट्यूबच्या तोंडावर ओलसर दोनपदरी गॉज सैल ठेवा. त्याने ओलावा राहतो, शिवाय माशा बसत नाहीत. माशी बसू देणं इथे महागात पडतं. उघड्या स्टोमात (गळ्याच्या भोकात) आणि जखमेत अळ्या होतात, आणि त्या दिसेपर्यंत पुष्कळ आत गेलेल्या असतात. मच्छरदाणी दिवसासुद्धा.

आतली नळी सकाळ-संध्याकाळ, कफ जास्त असेल तर चार तासांनी काढून धुवायची. पावसात विहिरीचं पाणी गढूळ होतं. ते निवळून, खळखळून उकळून, गार करून घ्या. लिटरभर पाण्यात सपाट दीड चमचा मीठ म्हणजे साधारण ९ ग्रॅम. हे पाणी फक्त नळी धुवायला, २४ तासांनी फेकायचं, आणि नेब्युलायझरमध्ये कधीच नाही. फीत बदलायला दोघी लागतात, एकीने ट्यूब धरून ठेवायची. मानेखालून एक बोट जाईल इतकी सैल. घामाने आणि दमट हवेने फीत ओली राहते आणि मान सोलपटते, म्हणून पावसाळ्यात ती रोज बदला.

ट्यूब बुजली तर: आतली नळी उपसून काढा. निम्म्या वेळा इथेच काम होतं. मग कॅथेटर घालून बघा. जात नसेल आणि ट्यूबला फुगा असेल तर त्या फुग्यातली हवा सोडा. तरीही श्वास नाही तर ट्यूब काढा. बुजलेली ट्यूब ही ट्यूब नव्हे, बूच आहे. खांद्याखाली दुमडलेला टॉवेल, मान मागे, दांडी घालून त्याच नंबरची ट्यूब, न गेल्यास लहान. जोर करायचा नाही. तीही जात नसेल आणि स्वरयंत्र शाबूत असेल तर गळ्याचं भोक ओल्या गॉजने झाका आणि अँबू बॅगने तोंडावरून श्वास द्या. लॅरिंजेक्टॉमी असेल तर गळ्यावरच, लहान मुलांचा मास्क लावून. १०८ ला फोन पहिल्याच मिनिटाला दुसऱ्या कोणीतरी केलेला असावा. हा सगळा प्रकार महिन्यातून एकदा, शांत दुपारी, घरच्या एका माणसाबरोबर उशीवर करून बघा.

नळीतून जेवण

घरात सगळ्यांत मोठं भांडण यावरून होतं. ‘दोन घोट तरी पेज घाल गो बाय तेच्या तोंडात’, असं म्हणणाऱ्या आजीला गिळण्याची क्रिया समजावून सांगण्यात अर्थ नाही. ओल्या बोळ्याने तोंड पुसायचं काम तिला द्या. दिवसातून चार वेळा. तोंड स्वच्छ राहिलं की न्यूमोनिया कमी होतो आणि आजीच्या हाताला काम मिळतं. एरवी ती तुम्ही आंघोळीला गेलात की चमचा घेऊन येते.

प्रत्येक फीडआधी: नाकाशी सेंटिमीटरची खूण जागेवर आहे का, तोंडात नळीचं वेटोळं नाही ना, आणि नळीतून ओढलेल्या पाण्याचा पीएच (आम्लतेचा आकडा) ५.५ किंवा कमी आहे का. पॅन्टोप्राझोल (अॅसिडिटीचं औषध) चालू असेल तर पीएच वर येतो, तेव्हा खूण आणि पेशंटची लक्षणं जास्त बघा, आणि शंका असेल तर फीड थांबवून डॉक्टरांना विचारा. हवा मारून पोटावर स्टेथोस्कोप लावायची पद्धत अजून सगळीकडे शिकवतात. नळी फुप्फुसात असली तरी तो आवाज येऊ शकतो, त्यावर विसंबू नका. नवीन रायल्स घातली की पहिलं फीड एक्स-रे झाल्यावरच.

डोक्याकडची बाजू किमान ३० अंश वर. खाटेला हँडल नसेल तर अंदाजावर जाऊ नका: पाठीखालची फळी ७० सेंटिमीटर लांब असेल तर तिचं वरचं टोक ३५ सेंटिमीटर उचलायचं, म्हणजे बरोबर ३० अंश होतात. उश्या रचून मान तेवढी वाकते आणि पोट दाबलं जातं.

फीड २०० ते २५० मिली, सिरिंजचा दट्ट्या काढून, उंचीवरून, १५ ते २० मिनिटांत आपोआप उतरू द्यायचं. आधी आणि नंतर ३० मिली पाणी. नंतर तासभर आडवं करायचं नाही. सहा फीड सोयीची: ६, ९, १२, ३, ६, ९.

आता त्यात घालायचं काय. कोकणात पेज हे आजाऱ्याचं अन्न, पण २० ग्रॅम तांदळाची वाटीभर पेज म्हणजे ७० कॅलरी. ५० किलोच्या माणसाला दिवसाला १२५० ते १५०० लागतात, म्हणजे प्रत्येक फीडला सव्वादोनशेच्या आसपास. पेजेवर ठेवलेला पेशंट तुमच्या डोळ्यांसमोर वाळत जातो आणि जखम भरत नाही. पीठ वाढवलं की ते घट्ट होऊन नळीत अडकतं. यावरचा उपाय घरातच आहे: मोड आलेली नाचणी. मोडांमध्ये असलेलं एन्झाइम शिजलेला स्टार्च फोडतं. २० ग्रॅम नाचणीचं पीठ शिजवून खाली उतरवा, उकळी बसली पण हाताला चटका बसेल इतकं गरम असताना त्यात अर्धा चमचा मोडाच्या नाचणीचं कोरडं पीठ घालून ढवळत राहा. पाच-दहा मिनिटांत घट्ट गोळा सरसरीत होतो. पुन्हा एक उकळी द्या, १५० मिली दूध, दोन चमचे साखर, एक चमचा तेल घाला आणि पाण्याने २५० वर आणा. दोनदा मलमलच्या फडक्यातून गाळा. साधारण २४५ कॅलरी झाल्या. डायबेटिस असेल तर साखर नको, आणि आहारतज्ज्ञांकडून प्रमाण बसवून घ्या. किडनीच्या पेशंटचा हिशेबच वेगळा.

दुधाच्या फीडपाठोपाठ कोकमाचं पाणी किंवा लिंबू सरबत घालू नका. नळीतच दूध फाटतं. बुजलेली नळी कोमट पाण्याने, लहान झटक्यांनी पुढे-मागे करून सोडवा. तार घालायचा मोह आवरा. बाहेर ठेवलेलं फीड दोन तासांनी फेकायचं, कोकणातल्या मे महिन्यात तर आधीच. खाटेचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, नाहीतर सांडलेल्या साखरेच्या वासाने मुंग्या नळीपर्यंत चढतात.

सगळ्या गोळ्या कुटता येत नाहीत. नावापुढे एसआर, एक्सआर, सीआर, क्रोनो असेल किंवा आतड्यात विरघळणारं कोटिंग असेल तर कुटू नका, डॉक्टरांकडून पातळ औषध किंवा पर्याय लिहून घ्या. फिटसाठीचं फेनिटॉइन फीडबरोबर दिलं की रक्तात नीट उतरत नाही. आधी आणि नंतर अंतर ठेवावं लागतं. गोळ्या एकत्र कुटू नका, प्रत्येकीनंतर थोडं पाणी.

झाडावरून पडलेला पेशंट

माडावरून, आंब्यावरून, पोफळीवरून पडून मणका गेलेले तरुण इथे गावोगाव आहेत. त्यांच्यात एक धोका असा आहे की माहीत नसेल तर तुम्ही तो समोर बघूनही ओळखणार नाही.

इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर असेल तर अशा माणसाचं नेहमीचं बीपी ९० ते ११० असतं. त्याचं मूत्राशय फुगलं तर त्याला कळत नाही, पण शरीराला कळतं, आणि खालच्या रक्तवाहिन्या एकदम आवळतात. डोकं ठणकतं, चेहरा लाल, कपाळावर घाम, वर काटा, पाय मात्र थंड. तुम्ही बीपी घेता तर १४०. चार्ट बघून कोणी म्हणेल, ठीक आहे की. नाही. नेहमीपेक्षा ४० वर आहे, आणि तिथे न थांबता २०० च्या पुढे जाऊन मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून त्याचं नेहमीचं बीपी वहीच्या पहिल्या पानावर हवं. २० वाढलं तरी इशारा.

झोपवू नका. ताबडतोब सरळ बसवा, पाय खाली सोडा, लुंगीची गाठ, पट्टा, मोजे सैल करा. मग लघवीचा कॅथेटर हाताने वरपासून खालपर्यंत चाचपा: नळी पायाखाली दबली आहे, पिरगळली आहे, बॅग भरली आहे? बहुतेक वेळा कारण एवढंच असतं. लघवी उतरतच नसेल तर अंगाच्या तापमानाचं १० ते १५ मिली निर्जंतुक सलाईन हळू घालून बघा. नाही तर कॅथेटर बदला. लघवी मोकळी असेल तर शौच अडकलेली असते. भूल देणारी जेल लावून दोन मिनिटं थांबा, मगच बोटाने तपासा. न थांबता बोट घातलं की बीपी अजून चढतं. नंतर त्वचा: चिमटा, अंगठ्याचं वाढलेलं नख, चादरीची घडी. दर दोन-तीन मिनिटांनी बीपी. कारण सापडत नाही किंवा १५० च्या वर टिकतं तर डॉक्टरांनी लिहून ठेवलेलं औषध आणि १०८.

फोलीजचा फुगा निर्जंतुक पाण्याने भरायचा, सलाईनने नाही. सलाईनचे खडे वाट बुजवतात आणि काढताना फुगा रिकामा होत नाही. बॅग मूत्राशयाच्या खाली पण जमिनीला न टेकता, अर्ध्याहून जास्त भरली की रिकामी. पुरुषाचा कॅथेटर साफ केल्यावर मागे सरकवलेली कातडी आठवणीने पुढे आणा. लॅटेक्सचा साधारण चार आठवडे, पूर्ण सिलिकॉनचा बारा आठवड्यांपर्यंत. लघवी गढूळ दिसली एवढ्याने अँटिबायोटिक मागू नका. ताप, थंडी, नवीन गोंधळलेपणा असेल तर मात्र लगेच कळवा.

पाठ आणि टाचा

दर दोन तासांनी कूस बदलायची, पूर्ण कुशीवर नाही, पाठीमागे उशी देऊन ३० अंश. टाचा हवेत, पोटरीखाली उशी. लाल डागावर बोट दाबा: पांढरा होऊन परत लाल झाला तर वेळ आहे, लालच राहिला तर जखम सुरू झाली. त्यावर तेल चोळू नका. मध्ये भोक असलेल्या रबरी रिंगा घरातून काढून टाका.

एअर मॅट्रेस हवा भरली म्हणून चालत नाही. माकडहाडाखाली, गादीच्याही खाली तळहात घाला. तुमचा हात आणि हाड यांच्यात इंचभर हवा राहिली पाहिजे. लाईट गेली की पंप बंद आणि हवा उतरते, म्हणून तिच्याखाली चार इंची फोम असायलाच हवा आणि नळ्या चिमटा लावून बंद करता आल्या पाहिजेत.

इथे जखमेचा खरा वैरी ओल आहे. जुलैत चादरी चार दिवस वाळत नाहीत. सहा जोड ठेवा आणि इस्त्री करूनच घाला. चिकटपट्ट्या दमट हवेत सुटतात. त्वचा कोरडी करून, कडा मोठ्या ठेवून लावा. गॉज, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या, इन्सुलिनच्या सुया घट्ट झाकणाच्या डब्यात. पट्ट्यांची डबी उघडी राहिली की साखर चुकीची दाखवते, आणि तुम्ही त्या आकड्यावर इन्सुलिन देता. फ्रिज बंद पडला तर चालू वापरातलं इन्सुलिन थंड माठाजवळ, कोरड्या प्लॅस्टिकच्या डबीत.

वही

दोनशे पानी एकच वही. सकाळी आणि संध्याकाळी तीच पानं: वेळ, नाडी, बीपी, श्वास, सॅच्युरेशन, ताप, आत किती गेलं, बाहेर किती आलं, कफ कसा, कूस कोणती, सिलिंडरचा काटा. लघवी ५० किलोच्या माणसाची तासाला २५ मिलीच्या खाली चार तास राहिली तर कळवायचं. श्वास मिनिटाला २५ किंवा वर, हाही फोनचाच आकडा, बाकी सगळं ठीक वाटलं तरी. बदली सिस्टर आली की तोंडी सांगून निघू नका. दोघींनी पेशंटजवळ उभं राहून नळ्या एकेक हाताने दाखवायच्या, मग सही.

कामाचे तास, जेवण, रात्री किती झोप आणि स्वयंपाक-धुणीभांडी तुमच्याकडे नाहीत, हे पहिल्याच दिवशी कागदावर घ्या. २४ तासांच्या ड्युटीत रात्री सक्शन असेल तर दुसरी व्यक्ती लागतेच. सलग जागलेल्या नर्सने दिलेलं इन्सुलिन हा वेगळाच आजार आहे.

सुया जाड प्लॅस्टिकच्या बरणीत, टोपण परत न लावता, आणि पाऊण भरली की प्राथमिक आरोग्य केंद्राशी किंवा हॉस्पिटलशी आधी बोलून तिथे पोचवायची. सक्शनची बरणी अर्धी भरण्याआधी १ टक्का हायपोक्लोराइट घालून अर्ध्या तासाने संडासात. नळ्या, ग्लोव्हज, डायपर पातेऱ्याबरोबर परसात जाळायची इथली पद्धत आहे. त्या धुराची वाट बहुतेक घरांत पेशंटच्याच खिडकीतून जाते, म्हणून पिशवीला तोंड बांधून ती कुठे द्यायची हे ग्रामपंचायतीत विचारून पहिल्या आठवड्यातच ठरवून टाका.